गडचिरोलीचा नवजात-सेवा प्रयोग आणि लांजी तालुका : ज्ञानाच्या रूपांतराची एक वास्तववादी चिकित्सा

प्रस्तावना :

आरोग्य आणि समाजसेवेच्या क्षेत्रात एखादा उपाय एका ठिकाणी यशस्वी झाला की तो सर्वत्र लागू करावा, अशी स्वाभाविक अपेक्षा असते. संशोधकांनी पुरावा द्यावा, शासनाने त्याची योजना करावी आणि कर्मचाऱ्यांनी ती गावापर्यंत न्यावी, असा हा सरळ क्रम मानला जातो. या प्रवासाला गेल्या पंचवीस वर्षांत ‘नॉलेज ट्रान्सलेशन’ असे नाव रूढ झाले. कॅनडातील आरोग्य संशोधन संस्थेने 2000 च्या सुमारास हा शब्द अधिकृतपणे स्वीकारला आणि पुढे तो जगभर वापरला जाऊ लागला. मराठीत त्याला ‘ज्ञानाचे रूपांतर’ म्हणता येईल. प्रत्यक्षात मात्र असे दिसते की, एका ठिकाणी जीव वाचवणारी योजना दुसऱ्या ठिकाणी केवळ रजिस्टर भरण्यापुरती उरते. असे का घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाची चिकित्सा करण्यासाठी येथे दोन ग्रंथित कामे समोर ठेवली आहेत. पहिले, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1999 साली प्रसिद्ध झालेला गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास. दुसरे, रे पॉसन आणि निक टिली यांचा 1997 चा ‘रिअॅलिस्टिक इव्हॅल्युएशन’ हा ग्रंथ. या दोहोंची कसोटी पाहण्यासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा लांजी तालुका हे ठिकाण घेतले आहे. 1956 पूर्वी गडचिरोलीचा प्रदेश आणि बालाघाट हे दोन्ही एकाच राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. भाषा, भातशेती आणि सोयरिक यांचे नाते टिकले. आरोग्ययंत्रणा मात्र वेगळ्या झाल्या.

गडचिरोलीचा अभ्यास काय सांगतो :

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम गडचिरोलीत सुरू केले. नवजात बालकांच्या अभ्यासात 39 गावांत घरोघरी सेवा देण्यात आली आणि 47 गावे तुलनेसाठी घेण्यात आली. प्रयोगापूर्वी दोन्ही भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे 60 बालके पहिल्या 28 दिवसांत दगावत होती. सेवेच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सेवा मिळालेल्या गावांत 25.5 वर आले, तर तुलनेच्या गावांत ते 59.6 राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांपैकी पूर्वी 16.6 टक्के मरत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण 2.8 टक्के झाले. प्रत्येक बालकामागे खर्च आला 5.3 अमेरिकन डॉलर.

हे काम गावातील थोड्या शिकलेल्या स्त्रियांनी केले. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. प्रसूतीच्या वेळी त्या सुईणीसोबत हजर राहत, बाळाचे वजन करीत, त्याला ऊब मिळते की नाही हे पाहत, आईला दूध पाजण्यास मदत करीत आणि नंतर ठरलेल्या दिवशी पुन्हा घरी जात. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका आल्यास दवाखान्यात नेण्याचा सल्ला आधी दिला जाई. कुटुंबाने नकार दिला तर संमती घेऊन घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडावाटे औषध दिले जाई. पुढे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सात साध्या लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर संसर्ग समजावा, असा निकष मांडला गेला. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, बाळ सुस्त पडणे, छाती आत ओढली जाणे ही त्यातील काही लक्षणे. ही लक्षणे कोणतीही आई ओळखू शकते, हे या संशोधनाचे मोठेपण होय.

या अभ्यासावर पद्धतीच्या अंगाने आक्षेप घेता येतात. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून म्हणजे यादृच्छिक पद्धतीने झाली नव्हती. सेवा देणारी आणि परिणाम मोजणारी संस्था एकच होती. परंतु अशा आक्षेपांवरच थांबल्यास महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो. मृत्यू घटले हे मान्य केले, तरी ते नेमके कशामुळे घटले? 2005 च्या विश्लेषणात संशोधकांनीच या यशाची विभागणी केली. त्यात संसर्गाच्या उपचाराचा वाटा सुमारे 36 टक्के आणि कमी वजनाच्या बाळांच्या आधारसेवेचा वाटा सुमारे 34 टक्के होता. म्हणजे इंजेक्शन महत्त्वाचे होते, पण एकटे इंजेक्शन म्हणजे गडचिरोली नव्हे.

वास्तववादी पद्धतीचे म्हणणे :

पॉसन आणि टिली यांनी मूल्यमापनाचा प्रश्नच बदलला. ‘योजना चालते का?’ असे न विचारता ‘काय, कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि का चालते?’ असे विचारावे, हे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्यांनी परिस्थिती, आंतरिक यंत्रणा आणि परिणाम अशी त्रिसूत्री दिली. यातील ‘आंतरिक यंत्रणा’ ही संज्ञा नीट समजून घेणे आवश्यक आहे. यंत्रणा म्हणजे येथे खाते, कार्यालय किंवा कर्मचारीवर्ग नव्हे. योजनेने एखादे साधन किंवा संधी दिली असता माणसाच्या विचारात जो बदल होतो आणि त्यामुळे तो वेगळे वागू लागतो, ती प्रक्रिया म्हणजे यंत्रणा. ती डोळ्यांना दिसत नाही, तरी ती खरी असते. या भूमिकेमागे रॉय भास्कर यांच्या 1975 च्या ‘अ रिअॅलिस्ट थिअरी ऑफ सायन्स’ या ग्रंथातील तत्त्वविचाराची पार्श्वभूमी आहे.

बालाघाटच्या शेतकऱ्याला हा विचार नवा वाटू नये. चिन्नोर भाताचे तेच बियाणे एका बांधीत सुगंध देते आणि दुसरीत देत नाही. बियाण्याचा दोष नसतो. माती, पाणी आणि हवा यांनी बियाण्यातील गुण जागा होतो किंवा झोपून राहतो. योजनेचेही तसेच आहे.

या दृष्टीने नवजात-सेवेचे इतर अभ्यास पाहिले असता चित्र स्पष्ट होते. उत्तर प्रदेशातील शिवगढ येथील 2008 च्या अभ्यासात कोणतेही इंजेक्शन न देता, केवळ ऊब, स्वच्छता, स्तनपान आणि आईच्या त्वचेशी बाळाचा स्पर्श यांविषयीच्या सवयी बदलून नवजात मृत्यू 54 टक्के कमी झाले. बांगलादेशातील सिल्हेट येथे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरभेटींच्या गटात 34 टक्के घट दिसली. हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यात 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी जन्मलेल्या बालकांचे मृत्यू घटले, पण दवाखान्यात जन्मलेल्या बालकांत तसा फरक दिसला नाही. या सर्व ठिकाणी ‘घरभेट’ हेच नाव होते. मात्र घरभेटीने जागी केलेली यंत्रणा प्रत्येक ठिकाणी निराळी होती. नाव सारखे म्हणून पुरावा सारखा, असे मानणे ही येथे मोठी चूक ठरते.

रूपांतर की भाषांतर :

‘ट्रान्सलेशन’ या शब्दात भाषांतराचा अर्थ दडलेला आहे आणि घोटाळाही तेथेच आहे. मूळ संहिता संशोधकाकडे आहे, ती शुद्ध आहे, आणि कर्मचाऱ्याने फक्त ती लोकांच्या बोलीत सांगायची आहे, असे चित्र या शब्दाने उभे राहते. ब्रिटनमधील संशोधक ट्रिशा ग्रीनहाल्ज आणि सिएत्से वीरिंगा यांनी 2011 मध्ये हे रूपकच टाकून द्यावे का, असा प्रश्न केला होता. ज्ञान एका टोकाला तयार होते आणि दुसऱ्या टोकाला नुसते वापरले जाते, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. व्यवहारातील ज्ञान माणसांच्या कामातून, संवादातून आणि सत्तासंबंधांतून घडते, हे त्यांचे म्हणणे होते.

लांजीसारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ रूपकाचा नाही. या भागातील घरांत मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी अशा भाषा बोलल्या जातात. प्रशिक्षणाची पुस्तके आणि नोंदीचे नमुने हिंदीत असतात. ‘बाळ दूध ओढत नाही’ हे आजीचे वाक्य नोंदवहीतील एका रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ होऊन बसते. आजीला काल आणि आज यांतला फरक सांगायचा असतो. रकान्याला फक्त आजचे उत्तर हवे असते. गडचिरोलीच्या निकषातील मर्म तर याच फरकात होते. आधी चांगले ओढणारे बाळ आता ओढेनासे झाले, हे ते लक्षण होते. शब्दाचे भाषांतर बरोबर झाले तरी ज्ञान वाटेत सांडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

गडचिरोलीतून दिल्लीपर्यंत :

भारत सरकारने 2011 मध्ये आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. संशोधनाचे धोरणात रूपांतर झाल्याचे हे एक मोठे उदाहरण मानले जाते आणि ते योग्यच आहे. दवाखान्यात प्रसूती झाल्यास 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी सहा भेटी, घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची धरून सात भेटी आणि या कामासाठी 250 रुपये मोबदला, अशी रचना करण्यात आली.

या प्रवासात काय आले आणि काय मागे राहिले, ते पाहणे उद्बोधक ठरते. भेटींचे दिवस आले, वजनकाटा आला, तक्ता आला. संसर्गाचा इंजेक्शनसह घरी उपचार हा भाग आशांकडे आला नाही. 2014 मध्ये विशिष्ट परिस्थितीत एएनएमने जेंटामायसिन द्यावे, अशी मुभा शासनाने दिली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. तथापि वास्तववादी दृष्टीने त्याचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. आरोग्यदूताच्या हाती उपचार होता म्हणून कुटुंब आजारी बाळाची बातमी तिला लवकर देत असणार, असा तर्क करता येतो. हाती उपचार नसेल तर तिचे येणे ‘पाहणी’ ठरते. पाहणी करणाऱ्याला माणूस बातमी उशिरा देतो.

मोबदल्याची अट त्याहूनही विचार करायला लावणारी आहे. 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत जन्मवजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि लसीकरण यांबरोबरच 42 व्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघेही सुखरूप असणे ही अटही होती. अटीमागचा हेतू चांगला होता. पण ज्या घरातील बाळ अत्यवस्थ होते, जेथे आशाला सर्वाधिक धावपळ करावी लागली, तेथेच बाळ दगावल्यास तिची मेहनत हिशेबात धरली जात नाही. मृत्यूची खरी नोंद करण्यात तिचे नुकसान आहे. पैसा हे साधन येथे दक्षतेऐवजी मौनाची यंत्रणा जागी करू शकते. ज्या प्रयोगाची सुरुवातच गावातील प्रत्येक जन्म व मृत्यू काटेकोरपणे मोजण्यापासून झाली होती, त्याच्या वारशात अशी अट असावी, हा विरोधाभास आहे.

लांजी : तीन राज्यांच्या सीमेवरची परिस्थिती :

लांजी तालुक्याच्या एका बाजूला महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा आणि दुसऱ्या बाजूला छत्तीसगड आहे. त्यामुळे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्याचे तीन निरनिराळे नमुने या परिसराभोवती दिसून आले. गडचिरोलीची आरोग्यदूत स्वयंसेवी संस्थेच्या आधाराने उभी होती. अविभाजित मध्य प्रदेशात 1995 मध्ये जनस्वास्थ्य रक्षक योजना आली. तीत गावातील शिकलेल्या तरुणांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळाले, पण नियमित मानधन नव्हते. त्यामुळे अनेकांनी पुढे खासगी औषधोपचाराचा मार्ग धरला. छत्तीसगडात 2002 मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू झाला. वस्तीने आपल्यातील स्त्री निवडावी, हे त्याचे तत्त्व होते. ‘मितान’ म्हणजे विधिपूर्वक जोडलेली मैत्री. हे नाते तेथील समाजात आधीपासून होते. योजनेला नाव देतानाच तिने एक जुनी यंत्रणा हाताशी घेतली. आरोग्यदूतामागे संस्थेचे पाठबळ, रक्षकाचे हात औषधाच्या पेटीत आणि मितानिनीमागे नात्याची जाणीव, असा हा फरक आहे. 2005 नंतर आलेल्या आशा योजनेत या तिन्हींचा थोडाथोडा अंश आहे. कोणता अंश बलवान होतो, हे स्थानिक परिस्थितीवर अवलंबून राहते.

लांजीच्या परिस्थितीत आणखी एक गोष्ट निर्णायक वाटते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत या भागातही आहे आणि आमगाव, सालेकसा या महाराष्ट्रातील तालुक्यांशी येथील रोटी-बेटी व्यवहार जुना आहे. त्यामुळे बाळाचे पहिले 42 दिवस कित्येकदा दोन घरांत आणि दोन राज्यांत विभागले जातात. गर्भवतीची नोंद सासरच्या आशाकडे असते, प्रसूती माहेराजवळच्या दवाखान्यात होते आणि अवघड वेळी गाडी गोंदियाकडे वळते. जननी सुरक्षा योजनेची रक्कमही दोन्हीकडे सारखी नाही. मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात मातेला 1400 रुपये, तर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 700 रुपये ठरलेले होते. नकाशावर प्रत्येक गावाला एक आशा आहे. परंतु त्या बाळाला कोणतीच आशा नाही, असे घडू शकते. सहा भेटींचे वेळापत्रक ज्या स्थिर घराची कल्पना करते, ते घर येथे नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2020 च्या आकडेवारीनुसार मध्य प्रदेशात दर हजार जन्मांमागे 43 अर्भके वर्षाच्या आत दगावत होती आणि महाराष्ट्रात 16. लांजी आणि आमगाव यांमधील अंतर मोटारीने फार नाही. सीमेच्या दोन बाजूंच्या राज्यांच्या सरासरीत मात्र जवळजवळ तिपटीचे अंतर आहे.

वास्तववादी पद्धतीच्या मर्यादा :

वास्तववादी पद्धतीचे गुण मान्य करूनही तिच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा अशी की, यंत्रणा अदृश्य असल्याने निकाल लागल्यानंतर सोयीची यंत्रणा शोधून काढणे सोपे जाते. योजना यशस्वी झाली तर ‘विश्वास होता’ आणि फसली तर ‘विश्वास नव्हता’, असे म्हटल्याने ज्ञानात भर पडत नाही. विश्वास कोणाचा, कोणावर, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या अनुभवाने निर्माण झाला, हे सांगता आले पाहिजे. तसेच कोणत्या गोष्टी आढळल्या तर आपला तर्क चुकीचा ठरेल, हेही आधी नोंदवले पाहिजे.

दुसरी मर्यादा म्हणजे ‘परिस्थिती’ हा शब्द सबब म्हणूनही वापरला जाऊ शकतो. दुर्गम भाग, निरक्षरता, अंधश्रद्धा ही परिस्थितीची वर्णने म्हणून लिहिली जातात आणि अपयशाचा दोष लोकांवर टाकला जातो. औषधाचा तुटवडा, रिक्त पदे आणि उशिरा मिळणारा मोबदला हीसुद्धा परिस्थितीच आहे. ती मात्र शासनाच्या हातातली आहे. गडचिरोलीही दुर्गम होतीच. तेथील परिस्थिती संस्थेने वर्षानुवर्षे काम करून घडवली. परिस्थिती मिळते तशी ती घडवताही येते, हा धडा वास्तववादी साहित्यात पुरेशा ठळकपणे येत नाही.

तिसरी मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. यंत्रणा माणसाच्या विचारात असते असे म्हणायचे आणि त्या माणसालाच विचारायचे नाही, असे अनेक मूल्यमापनांत घडते. अधिकारी आणि तज्ज्ञ यांच्या मुलाखती होतात. आशा, सुईण, आजी आणि बाळंतीण ‘लाभार्थी’ म्हणून मोजल्या जातात. त्यांच्याकडे अनुभवावर उभा असलेला स्वतःचा सिद्धान्त असतो. कोणत्या घरात रात्री बोलावतात, कोणत्या घरात दारातूनच परत पाठवतात आणि का, हे आशाइतके कोणालाच ठाऊक नसते.

लांजीत काय तपासावे :

वरील विवेचनावरून लांजीसाठी काही तपासण्याजोगी विधाने मांडता येतात. एक, माहेरी आलेल्या बाळंतिणीची माहिती सासरच्या आशाने माहेरच्या आशाला कळवली, तर चुकणाऱ्या भेटी कमी होतील. सीमा ओलांडताना ही साखळी सर्वाधिक तुटत असेल. दोन, ज्या गावांत एएनएम वेळेवर येऊन उपचार करते, तेथे कुटुंबे आशाला आजाराची बातमी लवकर देतील. तीन, मृत्यू झाल्यावरही केलेल्या भेटींचा मोबदला दिला, तर मृत्यूची नोंद आधी वाढलेली दिसेल. ही वाढ अपयश समजू नये. ती सत्य बाहेर आल्याची खूण असेल. चार, धोक्याची लक्षणे घरच्या बोलीत आणि ‘काल-आज’ अशा तुलनेत विचारली, तर आजारी बाळ लवकर ओळखले जाईल.

ही विधाने खोटी ठरू शकतात आणि तेच त्यांचे मूल्य आहे. त्यांच्या तपासणीसाठी मोठ्या निधीची गरज नाही. मराठी, हिंदी आणि पोवारी समजणारे समाजशास्त्र, गृहविज्ञान किंवा समाजकार्य विषयाचे विद्यार्थी व प्राध्यापक सीमेच्या दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांत आहेत. संशोधन म्हणजे प्रश्नावली वाटून टक्केवारी काढणे, या सवयीतून बाहेर पडून ‘असे का घडले?’ हा प्रश्न त्यांनी धरला पाहिजे.

निष्कर्ष :

गडचिरोलीच्या अभ्यासाने सिद्ध केले की, गावातील साधी स्त्री योग्य आधार मिळाल्यास नवजात बालकाचा मृत्यू टाळू शकते. राष्ट्रीय कार्यक्रमाने त्या स्त्रीच्या भेटींचे दिवस घेतले. तिच्यामागचा आधार मात्र पूर्णपणे घेता आला नाही. पॉसन आणि टिली यांची पद्धत हा फरक दाखवून देते, पण तो भरून काढू शकत नाही. तो भरून काढण्याचे काम औषधे पुरवणारे खाते, मोबदला ठरवणारे शासन आणि सीमेपलीकडच्या सहकारिणीला फोन करणारी आशा यांनी मिळून करायचे आहे.

म्हणून गडचिरोलीहून लांजीला न्यायचा आहे तो भेटींचा तक्ता नव्हे. न्यायचा आहे तो प्रश्न. बाळाने रात्री दूध ओढणे सोडले, तर हे घर कोणाचे दार ठोठावेल आणि त्या दारामागे उभ्या असलेल्या बाईच्या पाठीशी कोण असेल? या प्रश्नाचे उत्तर ज्या गावात देता येईल, त्या गावात संशोधनाचे ज्ञान खऱ्या अर्थाने पोहोचले असे म्हणता येईल.